थान मावशीच्या थोरल्याचं नाव

आमच्या टेकडीवरच्या दफनभूमीत दगडावर मेलेल्याचं नाव सोनेरी रंगवतात आणि जिवंत माणसाचं लाल. नवरा गेला की त्याच्या दगडावर बायकोचंही नाव तेव्हाच कोरून घेतात, म्हणजे पुढे पुन्हा दगड हलवायला नको. तिची वेळ येईपर्यंत ते नाव लाल राहतं. खाली डाव्या कोपऱ्यात दगड उभारणाऱ्या मुलांची नावं असतात, तीही लाल. एखादा मुलगा बापाच्या आधीच गेला असेल तर तेवढं एक सोनेरी. अक्षरं कोरणं आणि रंगवणं हे माझं काम. लोक मला जोंग मिस्त्री म्हणतात. कामाबद्दल मला कुणी दोन शब्द ऐकवले की माझं डोकं फिरतं, पण थान मावशी ऐकवायची तेव्हा मी ऐकून घ्यायचो.

मावशी सूतगिरणीत होती. गिरणी बंद झाल्यावर तिने गल्लीत लोणच्याच्या बरण्या मांडल्या. मोहरीच्या पाल्याचं लोणचं तिच्यासारखं अख्ख्या छंगतू शहरात कुणाला जमत नाही, असं ती स्वतःच सांगायची, आणि ते खरं होतं. गिऱ्हाइकाने भाव केला तर बरणीचं झाकण लावून टाकायची. अंगाने बारकी, आवाज मात्र बसच्या भोंग्यासारखा. तिला दोन मुलगे झाले. थोरला शाओफंग, धाकटा शाओजुन. धाकट्याला सगळे जुन म्हणतात. तो पश्चिमेच्या घाटात मालट्रक चालवतो.

शाओफंग एकोणनव्वद सालच्या जूनमध्ये गेला. यंत्रांच्या कारखान्यात उमेदवारी करत होता, कॉलेजचं तोंडही त्याने पाहिलेलं नव्हतं. चौकात कॉलेजची पोरं सरकारविरुद्ध निदर्शनाला जमली होती, तिथे तो कामावरून सुटल्यावर जायचा. राजधानीत गोळीबार झाल्याची बातमी आली आणि आमच्याकडेही दोन-तीन रात्री दंगल उसळली. त्यातल्या एका रात्री तो घरी आला नाही. मावशीने त्याचं प्रेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. नवऱ्याला बोलवून परत आली, तोवर प्रेत तिथे नव्हतं.

त्या रात्रींबद्दल आमच्या शहरात कितीतरी हकिकती आहेत. वर्तमानपत्रात आलं की गुंडांनी दुकानं जाळली आणि थोडी माणसं मेली. चहाच्या दुकानात म्हातारे आवाज खाली करून त्याच्या कितीतरी पट आकडा सांगायचे. बाहेरच्या रेडिओचा आकडा आणखी वेगळा. आता जी पोरं चहा द्यायला येतात ती म्हणतात, छे, असलं काही आपल्याकडे झालंच नाही, जे झालं ते राजधानीत. मी त्या रात्री कडी लावून घरात बसलो होतो, त्यामुळे मला विचारू नका. मावशीचा आकडा सगळ्यात लहान होता, एक. आणि तेवढाही कुणी मान्य करत नव्हतं. सरकारी दप्तरात शाओफंग घर सोडून दक्षिणेला गेला होता, पत्ता माहीत नाही, आणि अर्थातच जिवंत होता. प्रेत नाही, म्हणून दाखला नाही. दाखला नाही, म्हणून तो मेला नाही.

कोर्टात जाऊन हरवलेल्या माणसाला मेलेला ठरवून घेता येतं, असं तिला एका वकिलाने सुचवलं होतं. मावशीने त्याला लोणचंसुद्धा दिलं नाही. ती म्हणाली, "त्यासाठी आधी तो हरवला असं मला लिहून द्यावं लागेल. माझा मुलगा हरवलेला नाही. मारलाय."

पुढे तिचा नवरा गेला. दगडाचं काम माझ्याकडे आलं. मावशी म्हणाली, "शाओफंगचं सोनेरी." दफनभूमीच्या कार्यालयाने कागद पाहिले आणि सांगितलं, लाल. नवऱ्याची राख मडक्यात घालून ती तीन दिवस कार्यालयात हेलपाटे घालत होती. शेवटी माणूस जमिनीत जायला हवा म्हणून तिने मान डोलावली. मी ते नाव लाल केलं. त्यानंतर दरवर्षी छिंगमिंगला, म्हणजे आमच्याकडच्या पितरांच्या सणाला, ती यायची. नवऱ्याचं नाव स्वतः घासूनपुसून सोनेरी करायची, आपलं आणि जुनचं लाल करायची, आणि थोरल्याच्या नावाला ब्रश लावायची नाही. फिकं पडू दे, म्हणायची. पण माझा रंग चांगला होता, लवकर फिका पडत नव्हता. यावरूनही तिने मला शिव्या घातल्या आहेत.

तिच्यासोबत एक पोलीस असायचा. त्याचं नाव लाय. छिंगमिंग आणि जून या दोन वेळा तिच्यावर लक्ष ठेवणं ही त्याची नेमणूक. छिंगमिंगला तो टेकडीवर यायचा आणि जूनच्या आधी तिला चार दिवस गरम पाण्याच्या झऱ्यांवर घेऊन जायचा, सरकारी खर्चाने, म्हणजे शहरात तिला कुणी भेटायला नको आणि तीही चौकात जायला नको. मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "शाओफंग होता तेव्हा त्याने मला कधी सहलीला नेलं नाही. आता बघा, दरवर्षी नेतो." लाय बिचारा कानकोंडा व्हायचा. माणूस वाईट नव्हता. मावशीची पिशवी उचलायचा, चढावर हात द्यायचा. पण एखादी अनोळखी बाई तिच्याशी बोलायला थांबली की लगेच पुढे सरकायचा आणि विचारायचा, "तुम्ही कोण?"

मग एका वर्षी दफनभूमीच्या व्यवस्थापनाला टेकडी झकपक करायची हुक्की आली. मला न विचारता बाहेरच्या प्रांतातल्या ठेकेदाराला काम दिलं. त्याची माणसं आली, शिड्या लावल्या, आठवड्यात सगळा उतार चमकवून मोकळी झाली. मजुरी दर दगडामागे होती. तेव्हा लाल डबा उघडायचा, सोनेरी डबा उघडायचा, ब्रश धुवायचा, एवढा उद्योग कोण करतो? त्यांनी सगळं सोनेरी करून टाकलं. आमच्या टेकडीवर एका आठवड्यात जेवढी माणसं मेली तेवढी कुठल्या साथीतही मेली नसतील.

छिंगमिंगच्या सकाळी जो गोंधळ उडाला तो विचारू नका. म्हाताऱ्या स्वतःचं नाव सोनेरी बघून मटकन खाली बसत होत्या. एक कापडवाला व्यवस्थापकाच्या अंगावर धावून गेला. "माझा मुलगा परीक्षेला बसलाय आणि तुम्ही त्याला पुरलात?" व्यवस्थापक घामाघूम झाला होता. मी बाजूला उभा राहून सूर्यफुलाच्या बिया फोडत होतो. मला आनंद झाला होता हे कशाला लपवू?

थान मावशी चढून आली. पाठीमागे लाय, त्याच्या पाठीमागे जुन आणि त्याची बायको. मावशीने दगड पाहिला. आधी स्वतःचं नाव वाचलं.

"मलाही उरकलं की!" ती हसली. मग खाली वाकली. मग तशीच बसली. शाओफंगचं नाव सोनेरी होतं, चारी बाजूंनी नीट भरलेलं, एकही रेघ न सुटलेली. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग मला म्हणाली, "मिस्त्री, कुणी केलं हे?"

"बाहेरच्या लोकांनी. चुकून."

"चुकून का होईना," ती म्हणाली, "कुणीतरी लिहिलं."

ती रडली. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रडताना पाहिलं. डुकराच्या मांसाची वाटी, संत्री आणि दारूचा पेला ती एरवी नवऱ्यापुढे ठेवायची, ते सगळं त्या दिवशी तिने डाव्या कोपऱ्याकडे सरकवलं. पितरांना पोचाव्यात म्हणून खोट्या कागदी नोटा जाळतात, त्या तिने दोन ढिगांत जाळल्या, एक नवऱ्यासाठी, एक थोरल्यासाठी. लाय तोंड फिरवून खालचा रस्ता बघत होता. मला वाटलं, प्रकरण इथेच मिटेल. माझं असंच असतं. मला वाटतं ते होत नाही.

व्यवस्थापनाने फर्मान काढलं. दुरुस्ती फुकट होईल, पण उगाच कुणी कुणाचं नाव रंगवायचं नाही. एका जावयाने गर्दीत सासूचं नाव सोनेरीच ठेवायला सांगितलं होतं, त्यामुळे ते सावध झाले होते. नियम असा झाला की घरच्या माणसाने अर्ज करायचा, वॉर्डातून जिवंत माणसांचा दाखला आणायचा, आणि त्या दाखल्याप्रमाणे मी अख्खा दगड एकदम दुरुस्त करायचा. एक नाव केलं, एक सोडलं, असं चालणार नाही.

आता मावशीची पंचाईत बघा. जुनचं नाव लाल करायचं तर दाखला आणावा लागणार. दाखल्यावर शाओफंग जिवंत. म्हणजे जुनला मेलेल्यांतून बाहेर काढायचं तर शाओफंगलाही काढावं लागणार. आणि शाओफंगला तिथे राहू द्यायचं तर जुनलाही तिथेच राहावं लागणार. जिवंत पोराचं नाव मेलेल्याच्या रंगात ठेवणं आमच्याकडे कोणती आई करेल? गंमत म्हणूनही कुणी करत नाही.

जुननेच तिला सोडवलं. तो उंच, सावळा, कायम कानामागे सिगारेट खोचलेला. म्हणाला, "राहू दे आई. लोक सोनं अंगावर घालायला मरतात, मला फुकट मिळालंय."

"जीभ आवर," त्याची बायको म्हणाली. "घाटात गाडी चालवतोस तू."

"घाटात गाडी चालते ती ब्रेकवर. या दगडावर नाही चालत."

सुनेने सासूकडे ज्या नजरेने बघितलं ती मी पाहिली. तिची चूक होती असं मी म्हणणार नाही. तिने शाओफंगला पाहिलेलंही नव्हतं.

लायला वरून विचारणा झाली असावी. तो दोन-तीनदा मावशीच्या लोणच्याच्या बाकड्यावर जाऊन बसला. एकदा मी तिथेच होतो, लसणीचे कांदे घ्यायला गेलो होतो.

"मावशी, अर्ज करून टाका ना," तो म्हणाला. "तुमच्याच धाकट्याच्या भल्याचं आहे."

"तुमचं काय अडलंय?"

"दप्तरात एक आणि दगडावर एक, असं बरं दिसत नाही."

"मग दप्तर बदला. दगड बदलण्यापेक्षा सोपं आहे. कागदच आहे."

लायने बाकड्यावरचा मुळा उचलला, बघितला, खाली ठेवला. "मावशी, मी साधा माणूस आहे."

"मीही तेच म्हणते. साधी माणसं दोघं, मग तुम्ही इथे का बसलात? चार बरण्या उचलून आत ठेवा तरी." त्याने उचलून ठेवल्या.

त्या वर्षी मावशी खूपदा टेकडीवर आली. एरवी वर्षातून एकदा येणारी बाई, ती पावसातही छत्री घेऊन यायची. दगडापुढे बसायची, शाओफंगला गल्लीतल्या बातम्या सांगायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं घर पाडलं, जुनची मुलगी गणितात कशी कच्ची आहे. मी शेजारच्या ओळीत ठोकत बसलेला असायचो. मला म्हणायची, "आधी मी याच्याशी बोलायचे तर खोटं वाटायचं. लाल नावाशी काय बोलणार? जिवंत माणसाशी बोलायचं तर समोरून उत्तर यायला हवं." तिची तब्येतही सुधारली होती, असं मला वाटलं. निदान शिव्या तरी कमी झाल्या होत्या.

थंडीत जुनच्या गाडीचे ब्रेक उतारावर गेले. त्याने शहाणपणा केला, गाडी दरीकडे न सोडता डोंगराच्या अंगाला घासत नेली. केबिनचा चेंदामेंदा झाला. खांद्याचं हाड मोडलं, डोक्याला टाके पडले, माणूस वाचला. सून इस्पितळातून थेट सासूच्या घरी गेली. भांडायला गेली होती, पण दारातच उभी राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "आई, माझ्याकडे एकच आहे."

हे मला मावशीनेच सांगितलं. छिंगमिंगच्या आधी ती माझ्या टपरीवर आली आणि बसली. दाखला हातात होता.

"कर लाल," ती म्हणाली.

"मावशी, ब्रेक जुने होते. रंगाने ब्रेक जात नाहीत."

"मला अक्कल शिकवू नकोस. मलाही कळतं." मग माझ्या छिन्न्यांकडे बघत म्हणाली, "पुढच्या वेळी तो घाटातून येईल तेव्हा मी रात्रभर जागी असेन. प्रत्येक खेपेला. त्या पोरीलाही तसंच जागवू का? थोरला मेलाय. त्याचं आता आणखी काय वाईट होणार? धाकट्याचं होऊ शकतं."

मला राग आला. कुणावर यावा हे कळेना, म्हणून मी ठेकेदाराच्या माणसांना शिव्या दिल्या. मावशी म्हणाली, "त्यांना नको. त्या टेकडीवर खरं लिहिणारे तेवढेच निघाले."

ठरल्या सकाळी सगळे वर आले. जुनचा हात गळ्यात बांधलेला. सून डोळे खाली घालून उभी. लाय कॅमेरा घेऊन आला होता, काम झाल्याचा फोटो वर पाठवायचा होता. मी सोनेरी खरवडलं. आधी मावशीचं नाव लाल केलं, मग जुनचं. सुनेने सुटकेचा निःश्वास सोडला, तो मला ऐकू आला. मग मी शाओफंगच्या नावापाशी आलो. आयुष्यभर हेच काम करतोय, पण त्या दिवशी मला त्या ब्रशची किळस आली.

"नीट भर," मावशी मागून म्हणाली. "अर्धवट ठेवू नकोस. पुन्हा यावं लागेल यांना."

मी नीट भरलं. लायने फोटो काढला आणि कॅमेरा पिशवीत ठेवला. "झालं मावशी. आता सगळं नियमात बसलं."

"बसलं?"

"हो."

"म्हणजे माझा थोरला जिवंत आहे."

तिने दाखला त्याच्यापुढे धरला. "शिक्का आहे ना तुमचा? बोला."

"दाखल्यात तसंच आहे, मावशी."

"मग माझी तक्रार लिहून घ्या. माझा जिवंत मुलगा हरवलाय. इतकी वर्षं घरी आला नाही. हरवलेला माणूस शोधणं पोलिसांचं काम असतं की लोणचंवालीचं?"

थोरला हरवलाय असं तिने स्वतःहून म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. लाय कसंनुसं हसला. "आता इतक्या वर्षांनी?"

"जिवंत माणसाला उशीर होत नाही. लिहा."

आजूबाजूच्या दगडांपाशी लोक होते. एकदोघं थांबून बघायला लागले. लायला ते नको होतं. लवकर उरकावं म्हणून त्याने खिशातून छोटी वही काढली, शेजारच्या कट्ट्यावर बसला आणि रोज जसे विचारतो तसेच प्रश्न विचारायला लागला. नाव. जन्म. उंची. मावशी उत्तरं देत गेली, शाळेतल्या पोरीसारखी, हात मागे बांधून.

"अंगावर कपडे?"

"कारखान्याचा निळा सदरा. तिसरं बटण मी लावलेलं, काळ्या दोऱ्याने. निळा संपला होता."

"शेवटचा कुठे दिसला?"

हे त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं. निघाल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण प्रश्न विचारून झाला होता.

"इस्पितळामागच्या सायकलशेडमध्ये," मावशी म्हणाली. "फळीवर. डाव्या पायात मोजा होता, उजव्यात नव्हता. छातीवर कुणीतरी वर्तमानपत्र टाकलं होतं, ते ओलं होतं. मी तो मोजा वर ओढला. शेजारी आणखी होते, त्यांच्याकडे मी बघितलं नाही. मग ह्यांना बोलवायला गेले. परत आले तर शेड धुतलेली होती."

जुन आईकडे बघत होता. त्याला एवढंच माहीत होतं की भाऊ मेला आणि आईने पाहिलं. धाकटा आहे, त्याला कशाला सांगायचं, म्हणून नवरा-बायकोने तोंडाला कुलूप लावलं होतं. तो मोठा झाला तरी ते कुलूप तसंच राहिलं. तो तिच्याजवळ आला आणि चांगला हात तिच्या पाठीवर ठेवून उभा राहिला. सून तिथेच जमिनीवर बसली होती.

लायचं पेन थांबलं होतं. "मावशी, हे मला लिहिता येणार नाही."

"मग तो लाल पुसा."

"तेही माझ्या हातात नाही."

"मग तुमच्या हातात आहे काय?" तिचा आवाज चढला नव्हता. खरंच विचारावं तसं तिने विचारलं. "मेला म्हटलं तर जिवंत म्हणता. जिवंत म्हटलं तर शोधत नाही. मी याला ठेवू कुठे?"

खालच्या उतारावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, ती संपेपर्यंत सगळे तसेच थांबले. मला वाटलं, लाय आता वही खिशात घालेल आणि म्हणेल, चला, बस चुकेल. त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली. एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा जुनकडे.

"वेळ काय असेल?" त्याने विचारलं.

"उजाडत होतं."

"तारीख?"

तिने तारीख सांगितली. मग ती कट्ट्याशी गेली आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली, हा खरंच लिहितो की नुसतं पेन फिरवतो. तो लिहीत होता.